भर उन्हातील छायाचित्र

उजेड अपुरा पडला म्हणून छायाचित्र मनासारखे उतरले नाही, ही तक्रार घरोघर ऐकू येते. परंतु उजेड फार झाला म्हणून छायाचित्र घेता येईना, असे कोणी म्हटले तर ऐकणाऱ्यास ते चोचले वाटतील. ताटात फार वाढले म्हणून उपाशी राहिलो, असे सांगण्यासारखेच ते! आणि तरीही ही अडचण अगदी खरी आहे. आमच्या माळव्यात तर ती वर्षातील निम्मे महिने खरी असते. माळव्याच्या रात्रीची कीर्ती ‘शब-ए-मालवा’ म्हणून थेट उत्तरेपर्यंत पोहोचली; आमच्या दुपारचे गुणगान मात्र कोणी केल्याचे ऐकिवात नाही. इंदूर कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेस वसलेले आहे. त्यामुळे चैत्र सरत आला की मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ माथ्यावर येतो, माणसाची सावली त्याच्या पायांपाशी गोळा होते आणि पांढरी भिंत डोळे उघडून पाहू देत नाही. अशा उन्हात एखाद्या जिवाभावाच्या माणसाचे छायाचित्र घ्यावयाचे झाल्यास काय करावे, हा प्रश्न गेल्या उन्हाळ्यात आमच्यापुढे उभा राहिला. त्याचे जे उत्तर आम्हांस सापडले, ते छायाचित्रणाची आवड असलेल्या वाचकांना उपयोगी पडेल. ज्यांना ती आवड नाही, त्यांनाही त्यातील घरगुती भाग आपलासा वाटेल, असे वाटते.

या कलेचा आमच्या गावाशी संबंध जुना आहे. लाला दीनदयाळ (१८४४–१९०५) हे मूळचे मेरठजवळील सरधन्याचे. रुरकीस अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन ते इंदुरास सार्वजनिक बांधकाम खात्यात आले आणि १८७४ च्या सुमारास येथेच त्यांनी कॅमेरा हाती धरला. पुढे ते हैदराबादला निजामाच्या दरबारी गेले, ‘राजा’ झाले आणि त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. त्यांनी ही कला हाती घेतली त्या काळी ओल्या काचेची पद्धत रूढ होती. काचेवर रसायनाचा लेप द्यावयाचा, तो ओला आहे तोवरच चित्र घ्यावयाचे आणि तो वाळण्यापूर्वीच ते धुवून काढावयाचे. ती काच प्रकाशाला इतकी मंद होती की भिंगावरील टोपण हाताने काढून, सेकंद मोजून, पुन्हा हातानेच लावले तरी चालत असे. त्या छायाचित्रकारांना ऊन कधी जास्त झालेच नाही. आज आमची फिल्म आणि तिच्याही पुढे गेलेली अंकीय कॅमेऱ्याची पटले इतकी तरतरीत झाली आहेत की मध्यान्हीच्या सूर्यापुढे त्यांना आवरणे हेच काम होऊन बसले आहे.

कॅमेरा प्रकाश कसा घेतो, हे एका घरगुती दृष्टान्ताने सांगतो. परसात एक घागर आहे आणि ती काठोकाठ भरावयाची आहे. कमीही नको आणि सांडताही कामा नये. तोटी पुरती सोडली तर घागर लवकर भरेल, बारीक सोडली तर वेळ लागेल. पाणी मात्र तेवढेच लागणार. कॅमेऱ्यात तोटीचे काम भिंगातील छिद्र करते आणि वेळ मोजण्याचे काम झडप, म्हणजे शटर, करते. छिद्र लहानमोठे करण्याची सोयही जुनी आहे. १८५८ साली जॉन वॉटरहाउस या इंग्रज गृहस्थाने निरनिराळ्या मापांची भोके पाडलेल्या धातूच्या पट्ट्या भिंगाच्या फटीत सरकविण्याची युक्ती काढली, आणि त्या पट्ट्या आजही त्याच्याच नावाने ओळखल्या जातात. आता भिंगावरील कडे फिरविले की काम होते. त्या कड्यावर २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ असे आकडे कोरलेले असतात. हे आकडे नवख्याला चकवितात, कारण आकडा मोठा तितके छिद्र लहान. भिंगाच्या केंद्रांतराला त्या आकड्याने भागले की छिद्राचा व्यास निघतो. पन्नास मिलीमीटरच्या भिंगात २ या आकड्याला पंचवीस मिलीमीटरचे, म्हणजे चांगले रुपयाएवढे छिद्र मिळते. १६ ला ते जेमतेम तीन मिलीमीटरचे, ज्वारीच्या दाण्याहूनही लहान, उरते. एकेका आकड्याने पुढे सरकावे तसतसा प्रकाश निम्मा होत जातो.

येथवर केवळ हिशेबाचा भाग झाला. परंतु छिद्राचे आणखी एक काम आहे, आणि छायाचित्राचा सारा जीव त्यात आहे. छिद्र बारीक असले की जवळचे, दूरचे, सगळेच रेखीव उमटते. छिद्र मोठे केले की भिंग ज्या अंतरावर रोखलेले असेल तेवढेच रेखीव राहते आणि त्याच्या पुढचे-मागचे विरघळून जाते. दोन मीटरांवर बसलेल्या माणसावर पन्नास मिलीमीटरचे भिंग रोखले आणि छिद्र १६ ला ठेवले, तर सुमारे दीड मीटरापासून सव्वातीन मीटरांपर्यंतचे सारे स्पष्ट येते. तेच छिद्र २ ला आणले की स्पष्टतेचा पट्टा अवघा वीतभर उरतो. नाकाच्या शेंड्यापासून कानाच्या पाळीपर्यंत माणूस त्यात मावतो, आणि बाकीचे जग हलकेच मागे सरते. एखाद्या चेहऱ्याकडे आपण मायेने पाहतो तेव्हा त्याच्यामागची खुंटी, दिनदर्शिका, विजेची तार आपल्याला दिसत नाहीत. छिद्र मोठे केले की कॅमेराही थोडाफार तसा पाहू लागतो.

आमच्या पिढीच्या घरांतील जुने अल्बम चाळले की याच्या अगदी उलट दृश्य दिसते. बडोद्यात तयार होणारा आग्फा क्लिक-३ हा काळा पेटीवजा कॅमेरा एके काळी मध्यमवर्गीय मराठी घरांत कपाटाच्या वरच्या कप्प्यात जपून ठेवलेला असे. त्याचे छिद्र मुळातच बारीक, त्यामुळे तो सर्वांवर सारखीच कृपा करी. आत्याबाई जितक्या स्पष्ट, तितकाच त्यांच्यामागचा न्हाणीघराचा दरवाजा आणि त्यावर वाळत घातलेला पंचा स्पष्ट. शिवाय सूर्य फोटो काढणाराच्या पाठीशी असावा, असा त्या काळचा दंडक. परिणामी त्या अल्बमांतील सारी बाळगोपाळ मंडळी कपाळाला आठ्या घालून, डोळे मिचकावीत उभी आहेत. त्या छायाचित्रांवर आमचा जीव आहे. पण त्यांतील एकाही आजीचे डोळे आम्हांस नीट पाहावयास मिळत नाहीत, ही रुखरुख उरतेच.

माईंच्या बाबतीत ती रुखरुख उरू नये, असे आमच्या मनाने घेतले. माई म्हणजे आमच्या थोरल्या काकू. वय वर्षे चौऱ्याऐंशी. सासर-माहेर दोन्ही इंदूरचे. राजवाड्यापासून हाकेच्या अंतरावर नाही, तरी नजरेच्या टप्प्यात असलेल्या गल्लीतील आमचा जुना वाडा हाच त्यांचा गेल्या चौसष्ट वर्षांचा संसार. तो वाडा विकावयाचा ठरला. भाऊबंदांच्या सह्या झाल्या, आणि पावसाळ्यापूर्वी जागा मोकळी करून द्यावी असे ठरले. माई धाकट्या चिरंजीवांकडे पुण्यास जाणार होत्या. भेटीस येणारी मंडळी म्हणत, “बरे झाले माई, महाराष्ट्रात परत चाललात.” त्यावर त्या शांतपणे विचारीत, “परत कशी? मी तिथे होते कधी?”

त्या उन्हाळ्यात त्यांनी एकच हट्ट धरला. जाण्यापूर्वी वाडग्याच्या गच्चीवर शेवटचे वाळवण घालावयाचे. कुरडया, साबुदाण्याच्या पापड्या, बटाट्याचा कीस, सांडगे. काहीही सुटता कामा नये. पुण्याच्या सदनिकेला गच्ची नाही, सज्जात ऊन येते ते तासभर, हे त्यांनी आधीच विचारून घेतले होते. गहू तीन दिवस भिजत पडले, वाटले गेले, चीक निघाला, पहाटे शिजला आणि सूर्य वर येण्याच्या आत सोऱ्यातून पांढऱ्या धोतरांवर कुरडयांची नक्षी उमटली. आणि बाराच्या उन्हात, डोक्यावर पदर घेऊन, त्या चटईवर बसून एकेक कुरडई उलटी करू लागल्या. त्या वेळी त्यांच्या मुद्रेवर जे असते ते एरवी नसते. दिवाणखान्यात खुर्चीवर बसवून “माई, इकडे पाहा” म्हटले की त्यांचा चेहरा फोटोपुरता होतो. हाताला काम असले की तो त्यांचा स्वतःचा असतो. तेव्हा छायाचित्र घ्यावयाचे तर तेथेच आणि त्याच वेळी. सकाळचे कोवळे ऊन किंवा सायंकाळचा तिरपा प्रकाश निवडावा, हा जाणकारांचा सल्ला योग्य असतो. पण वाळवण सायंकाळी घालीत नाहीत.

अडचण गच्चीची होती. पूर्वी या गच्चीवरून आभाळ, कवेलूंची छपरे आणि राजवाड्याचे सात मजले एवढेच दिसत असे. आता चहूकडे काळ्या पाण्याच्या टाक्या, तबकड्या, वायरींची जाळी, जाहिरातीचा फलक आणि शेजारच्या इमारतीवर मोबाइलचा मनोरा. यातील काहीही हलविता येणारे नव्हते. माईंना त्यातून वेगळे काढावयाचे, तर छिद्र पुरते उघडणे हाच उपाय.

आता हिशेब पाहा. शंभर अंकाची कृष्णधवल फिल्म आणि लख्ख ऊन असेल तर छिद्र १६ आणि झडप सेकंदाचा एकशेपंचविसावा भाग, हा सर्वमान्य आडाखा आहे. फिल्मचा अंक तोच झडपेचा आकडा, असा तो सहज ध्यानात राहतो. १६ वरून २ पर्यंत यावयाचे म्हणजे सहा पायऱ्या. प्रत्येक पायरीला प्रकाश दुप्पट, म्हणजे एकूण चौसष्टपट. तो आवरावयास झडपही चौसष्टपट चपळ हवी. सेकंदाच्या आठ हजाराव्या भागात उघडून मिटणारी हवी. आमचा कॅमेरा वडिलांच्या हातचा, पूर्णपणे यांत्रिक. त्याची धाव एक हजाराव्या भागापर्यंतच. म्हणजे फार तर छिद्र ५.६ पर्यंत उघडता येते, आणि तेथून २ पर्यंतच्या तीन पायऱ्या उरतातच. तोटी सोडावयाची आहे, वेळ याहून कमी करता येत नाही, आणि घागर तर सांडून चालणार नाही. मग उपाय एकच. तोटीत येणारे पाणीच आधी कमी करावयाचे.

हे काम जी काच करते तिला ‘न्यूट्रल डेन्सिटी’, किंवा थोडक्यात एनडी फिल्टर म्हणतात. दिसावयास ती धुरकट करडी असते आणि गोल चौकटीत बसविलेली असल्याने भिंगाच्या तोंडावर आट्यांनी फिरवून लावता येते. पिवळा फिल्टर आभाळ गडद करतो, तांबडा त्याहून गडद करतो. कारण ते काही रंगांना वाट देतात आणि काहींना अडवितात. ही करडी काच रंगांच्या बाबतीत तटस्थ असते. तांबडे, निळे, हिरवे सर्वांना सारख्याच प्रमाणात कमी करते. तिच्या चौकटीवर आकडा असतो. एनडी २ म्हणजे प्रकाश निम्मा, एनडी ४ म्हणजे चतुर्थांश, एनडी ८ म्हणजे अष्टमांश. काही ठिकाणी हेच ०.३, ०.६, ०.९ असे लिहिलेले आढळते, प्रत्येक ०.३ ला एक पायरी, एवढे लक्षात ठेवले की पुरे. आम्हांस तीन पायऱ्या हव्या होत्या, तेव्हा एनडी ८ नेमकी बसली. छिद्र २, झडप एक हजारावा भाग, हिशेब चोख.

येथे एक इशारा दिल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे. काळी काच म्हटली की आमच्या वयाच्या लोकांना ग्रहण आठवते. १६ फेब्रुवारी १९८० च्या सूर्यग्रहणाच्या दिवशी दुपारी रस्ते ओस पडले होते, आणि गच्चीवर जे कोणी धीट चढले त्यांच्या हाती काजळी धरलेल्या काचा होत्या. ती काजळीची काच डोळ्यांना सुरक्षित नव्हती, आणि छायाचित्रणाची ही करडी काचही सूर्याकडे पाहण्यासाठी नाही. दृश्य प्रकाश कमी झाला तरी न दिसणारे अवरक्त किरण तिच्यातून बरेच पार होऊ शकतात आणि डोळ्याला इजा करतात. घरात मुले असतील तर हे त्यांना आवर्जून सांगावे.

या काचेविषयी आणखी काही गैरसमज आहेत. ती लावल्याने पार्श्वभूमी धूसर होते, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः धूसर करते ते मोठे छिद्र. काच केवळ ते छिद्र भर उन्हात उघडण्याची मुभा देते. दुसरे असे की काच ऊन सौम्य करीत नाही. ती उजेड जितक्या पटीने घटविते तितक्याच पटीने सावलीही घटविते, त्यामुळे दोहोंमधील अंतर जसेच्या तसे राहते. माध्यान्हीच्या सूर्याने डोळ्यांच्या खोबणीत ज्या काळ्या सावल्या पडतात, त्यांवर तिची मात्रा चालत नाही. त्यासाठी माणसाला सावलीत घ्यावे लागते किंवा खालून उजेड द्यावा लागतो. आणि येथेच वाळवण आमच्या मदतीस धावून आले. माईंच्या पुढ्यात तीन शुभ्र धोतरे पसरलेली, त्यांवर शुभ्र कुरडया. माथ्यावरचे ऊन त्या पांढऱ्यावर आपटून वर उसळत होते आणि पदराच्या सावलीतील त्यांचा चेहरा खालून उजळीत होते. मोठमोठे छायाचित्रकार यासाठी पांढरे पडदे घेऊन हिंडतात. आमच्या घरी ती सोय गव्हाच्या चिकाने झाली होती. आता पदराखालच्या चेहऱ्यावर थेट ऊन नसल्याने आम्ही झडप दोन पायऱ्यांनी मंद करून अडीचशेव्या भागावर आणली. धोतर काहीसे पांढरेफटक झाले तर होऊ द्यावे, डोळे मात्र उमटले पाहिजेत, असा विचार केला.

काचेमुळे कॅमेऱ्याच्या खिडकीतून दिसणारे दृश्यही अंधारते. परंतु तीन पायऱ्यांनी, त्या उन्हात, काही बिघडत नाही. दहा पायऱ्यांची काळीकुट्ट काच असेल तर मात्र आधी भिंग रोखून घ्यावे आणि मग काच चढवावी. स्वस्त काचा पुष्कळदा तपकिरी किंवा हिरवट झाक देतात. कृष्णधवल फिल्मला त्याचे सोयरसुतक नसते, रंगीत छायाचित्राला असते. एकावर एक काचा चढविण्याचा मोह टाळावा, कोपरे काळे पडतात. आणि भिंगावर छत्री, म्हणजे हूड, लावण्यास विसरू नये. जास्तीच्या काचेवर आडून आलेले ऊन चमकले की चित्र पांढुरके होते.

त्या दुपारी आमचा पुतण्याही अंकीय कॅमेरा घेऊन गच्चीवर होता. तो चलच्चित्र घेत होता. त्याची अडचण आमच्याहून अवघड. चलच्चित्रात सेकंदास पंचवीस चित्रे घ्यावयाची तर प्रत्येकास सुमारे पन्नासावा भाग द्यावा लागतो, तरच हालचाल डोळ्यांना सहज वाटते. झडप फार चपळ केली की हात तुटक-तुटक हलल्यासारखे दिसतात. स्थिर चित्रांसाठी आताच्या पुष्कळ कॅमेऱ्यांत अतिशय वेगवान इलेक्ट्रॉनिक झडप असते आणि तेथे आमच्या करड्या काचेवाचून भागतेही. चलच्चित्राला मात्र तिच्यावाचून गत्यंतर नाही. त्याच्यापाशी फिरवून गडद-फिकी करता येणारी काच होती. तिच्यात ध्रुवण करणाऱ्या दोन काचा एकावर एक असतात आणि एक फिरविली की प्रकाश कमी-कमी होत जातो. सोय मोठी, पण फार फिरविली की, विशेषतः रुंद दृश्य टिपणाऱ्या भिंगावर, चित्रात काळसर फुली उमटू लागते. तेव्हा तोही शेवटच्या टोकापर्यंत जात नव्हता. “काका, माई कुरडई उलटतात तो आवाज आलाय,” असे तो मध्येच आनंदाने म्हणाला. वाळत आलेल्या कुरडईचा तो बारीक कुरकुर आवाज आमच्या फिल्ममध्ये येणार नव्हता, हे आम्ही मनोमन मान्य केले.

आम्ही दोन प्रकारे छायाचित्रे घेतली. आधी काचेसह, दोन मीटरांवरून, छिद्र २ ला. मग काच काढून, मीटरभर मागे सरून, छिद्र १६ ला, आणि भिंग माईंच्या थोडे पलीकडे, पाच मीटरांच्या किंचित पुढे रोखून. या दुसऱ्या रीतीत सुमारे पावणेतीन मीटरांपासून अनंतापर्यंत सारे रेखीव येते. माईंनी आमच्याकडे एकदाच पाहिले आणि विचारले, “झालं का रे? की मी अजून उलटत बसू?” उलटावयाच्या कुरडया पुष्कळ शिल्लक होत्या.

फिल्म धुवून आली, आठ बाय दहा इंचांच्या प्रती झाल्या आणि आम्ही त्या माईंपुढे ठेवल्या. पहिल्यात त्यांचा चेहरा जसा हवा तसा उतरला होता. पदराची कड, कपाळावरील बारीक रेषा, खाली वळलेल्या डोळ्यांतील लक्ष; आणि मागे केवळ करड्या-पांढऱ्या छटांचे ढग. टाक्या नाहीत, मनोरा नाही, तारा नाहीत. घरातील सर्वांनी तो उचलून धरला. माईंनी चष्मा लावून तो बराच वेळ पाहिला. म्हणाल्या, “छान आलाय. पण मी बसलेय कुठे?”

“गच्चीवर, माई.”

“ते मला ठाऊक आहे. ह्याच्यात कुठे आहे गच्ची? राजवाडा कुठे गेला?”

राजवाडा त्या ढगांपैकीच एक होता. आम्ही बोट ठेवून दाखविला. त्यांनी मान डोलावली आणि दुसरी प्रत हाती घेतली. तीत सारे काही होते. त्या त्यांतील एकेक वस्तू वाचावी तशी वाचू लागल्या. ही शेजारच्यांची टंकी, ही फुटली तेव्हा आपल्या जिन्यात पाणी आले होते. हा मनोरा, तो उभा करताना आपण नको-नको म्हणत होतो. हा कठडा, ह्याला तुझ्या काकांनी स्वतः चुना लावला. आणि हा राजवाडा. १९८४ साली तो पेटला त्या दिवशी आम्ही सगळ्या बायका ह्याच कठड्यापाशी उभ्या होतो, धूर पाहत. मागचा भाग गेला, पुढचा उभा राहिला.

त्या वेळी आम्हांस भिंगाचा एक स्वभाव नव्याने ध्यानात आला. मोठे छिद्र वस्तूंना विरघळविते ते त्यांची योग्यता पाहून नव्हे, अंतर पाहून. टाकी नको आणि राजवाडा हवा, अशी निवड त्याला करता येत नाही. दोन्ही मागेच आहेत, तेव्हा दोन्ही जातील. बाहेरच्या प्रांतात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आम्हां लोकांना याचे महत्त्व थोडे अधिक असावे. पुण्या-मुंबईच्या नातलगांकडे आमची छायाचित्रे जातात तेव्हा चेहरे, नऊवारी, कुंकू, पुरणाचे ताट हे सारे त्यांच्यासारखेच दिसते. आम्ही कोठे राहिलो, कोणाच्या शेजारी राहिलो, हे सांगते ती मागची भिंत, मागचा राजवाडा आणि हो, ती मागची टाकीसुद्धा.

कोणती प्रत पुण्यास न्यावयाची, असे विचारता माईंनी क्षणाचाही विलंब न लावता टाक्यांची प्रत ट्रंकेत घातली. दुसरी आमच्या हाती देत हसून म्हणाल्या, “ही तुम्ही ठेवा. पुढे हार घालायला बरी आहे.” घरातील कोणालाच त्यावर काही बोलावयास सुचले नाही. त्या मात्र लगेच कुरडयांचा डबा नीट भरला आहे की नाही हे पाहण्यास उठल्या.

पावसाळ्याच्या तोंडी वाडा रिकामा झाला. माई आता पुण्यात आहेत, प्रकृती बरी आहे, आणि टाक्यांची प्रत त्यांच्या पलंगासमोरील भिंतीवर आहे, असे चिरंजीव कळवितात. येणाऱ्या-जाणाऱ्यास त्या ती दाखवितात आणि कुरडई तळून देतात. करड्या काचेने घेतलेली प्रत आमच्या लिहिण्याच्या मेजावर आहे. तिच्यातून आम्हांस माई मिळाल्या आणि दुसरीतून माईंना त्यांचे घर मिळाले. दोहोंपैकी एकही कमी पडते असे आम्हांस वाटत नाही. काच नसती तर पहिली घेता आली नसती. काच काढली नसती तर दुसरी.

ज्या वाचकांच्या घरी अजून गच्ची आहे, गच्चीवर वाळवण आहे आणि वाळवणापाशी एखादी माई आहे, त्यांना आमची विनंती आहे. येत्या चैत्रात कॅमेरा किंवा हाताशी असेल ते साधन घेऊन दुपारी वर जा. काच मिळाली तर एनडी ८ घ्या, आणि चढवून जवळून एक चित्र घ्या. मग काच काढा, दोन पावले मागे सरा आणि आणखी एक घ्या. दोन्ही कागदावर छापून घ्या. पाठीमागे गावाचे, गल्लीचे नाव आणि साल शाईने लिहा. आणि मागे जी काही टाकी, तार वा शेजाऱ्याची भिंत दिसत असेल, ती कोणाची आहे हेही त्याच वेळी विचारून लिहून ठेवा. सांगणारे माणूस तेव्हा समोरच बसलेले असेल.